दौलतभावजींनी बांधलेला ॲम्प्लिफायर

मला शॉक बसला तेव्हा हे अंगणात पेपर वाचत होते. मी ॲम्प्लिफायरवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसत होते. आवाजाच्या बटणाला हात लागला आणि कोपरापर्यंत अशी झिणझिणी गेली की फडकं एकीकडे आणि मी एकीकडे. तोंडातून "आई गं" एवढंच निघालं.

हे धावत आले. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग प्लग उपसला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ओल्या फडक्यानं पुसतात होय विजेची वस्तू?"

"मी जिवंत आहे," मी म्हटलं. "तुम्ही विचारलं नाहीत म्हणून आपली सांगते."

त्यांनी पाणी आणून दिलं. माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला. शॉक बसलेल्या हातात बघण्यासारखं काय असतं? पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, म्हणून मी बघू दिला.

संध्याकाळी त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला. "उदय, तो नवा म्युझिक सेट म्हणत होतास ना? दिवाळीला येताना घेऊन ये. हा जुना आता काढून टाकू."

दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. नवरा बायकोच्या काळजीनं घरात नवी वस्तू आणतोय, अजून काय पाहिजे? मला मात्र जेवण गेलं नाही. का, ते सांगायचं तर दौलतभावजींबद्दल सांगायला हवं.

दौलत घाटगे म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. हे पाटबंधारे खात्यात चिकटले आणि दौलतभावजींनी कोल्हापुरातच उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली की शेतकरी ती त्यांच्याकडे आणायचे. जळलेली तार काढून नवी गुंडाळायची, असा तो धंदा. दोघांनाही गाण्याचं वेड. चांगला ॲम्प्लिफायर तेव्हा परदेशातून आणावा लागायचा आणि आम्हाला कोण आणून देणार? म्हणून दौलतभावजींनी स्वतःच एक बांधला. ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळला. ह्यांनी एका जुन्या सागवानी दाराच्या फळ्या कापून त्याला पेटी केली. पेटी एका बाजूला किंचित तिरकी झाली, पण त्याबद्दल बोलायची आमच्याकडे कुणाला परवानगी नव्हती.

मग दर रविवारी सकाळी भावजी यायचे. रेकॉर्ड लागायची, दोघं डोळे मिटून बसायचे आणि रेकॉर्ड संपली की भांडायचे. गायकाचा तो सूर लागला की नाही लागला, यावर माझा चहा गार व्हायचा. वर्षानुवर्षं हे चाललं.

एका रविवारी ह्यांनी ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना गाणं ऐकायला बोलावलं. साहेबांच्या घरी जपानी सेट होता. त्यांनी पहिली रेकॉर्ड ऐकून मान डोलावली आणि विचारलं, "कुठल्या कंपनीचा?" ह्यांना काय झालं कोण जाणे. हसून म्हणाले, "कसली कंपनी साहेब, आमचा हा गावठी. थोडा घुमतो, पण गाणं सुरू झालं की कळत नाही."

दौलतभावजी शेजारीच बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "मग बाहेरचा घे की, न घुमणारा," म्हणाले आणि चपला घालून चालू लागले.

मला वाटलं, पुढच्या रविवारी येतील. ह्यांनाही तसंच वाटलं. रविवारमागून रविवार गेले. हे म्हणायचे, "मी काय खोटं बोललो? घुमतोच तो." तिकडून कानावर यायचं की भावजी म्हणतात, बोलावल्याशिवाय जाणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे दोघेही. मी मध्ये पडले तर हे म्हणायचे, "तू यात पडू नकोस."

आणि तेव्हापासून तो ॲम्प्लिफायर आमच्या घरात अडकून बसला. नवा घ्यावा, तर दौलतभावजींचं म्हणणं खरं करून दाखवल्यासारखं. दुरुस्त करावा, तर त्यांना बोलवायला हवं. पुढे त्याची डावी बाजू बंद पडली. आमच्या गल्लीतला पोवार रेडिओ दुरुस्त करायचा. तो स्वतः म्हणाला, "काका, अर्ध्या तासाचं काम आहे, उघडून बघतो." ह्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "चाललंय की. एका बाजूनं ऐकू येतं तेवढं पुरे." मी म्हटलं, काय हा कंजूषपणा! आमच्या ह्यांचा हात मुळात आखडता, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

पण निवृत्तीनंतर मी बघत होते. हे दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. भांडायला घरात मी एकटी आणि माझ्याशी भांडण्यात त्यांना राम वाटत नव्हता. तो ॲम्प्लिफायर जोवर तिथं होता तोवर मला वाटायचं, दार नुसतं ओढून घेतलंय, कडी लागलेली नाही. आता नवा सेट येणार, म्हणजे कडी लागणार. त्या रात्री मला जेवण गेलं नाही ते यासाठी.

दुसऱ्या दिवशी भाजीला म्हणून निघाले आणि थेट उद्यमनगर गाठलं.

दुकानात पाऊल टाकलं तर वार्निशचा वास आणि जिकडे तिकडे उघड्या मोटारी. दौलतभावजी स्टुलावर बसून तार गुंडाळत होते. केस सगळे पिकले होते. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"वैनी? तुमी? या की, बसा. समदं ठीक हाय न्हवं घरात?"

"ठीक आहे. ॲम्प्लिफायर बिघडलाय."

त्यांचा हात पुन्हा तारेवर गेला. "विश्रामनं धाडलं तुमास्नी?"

"नाही. ह्यांना माहीतही नाही."

"मग न्हाई जमायचं वैनी. तुमी चा घेऊन जावा."

"अहो, पण नुसतं ऐकून तरी घ्या."

"आवाज कसला करतोय?" न राहवून त्यांनी विचारलंच.

आता आवाज कसा सांगायचा? मी इकडे तिकडे बघितलं, कुणी गिऱ्हाईक नव्हतं. तोंड मिटून घशातून 'घूंऽऽ' असा लांब आवाज काढला. भावजींनी मान तिरकी करून ऐकलं. "जरा जाड काढा," म्हणाले. मी जाड काढला. "मधीच तुटतोय का सलग हाय?" मी तुटकाही काढून दाखवला. पन्नाशी उलटलेली बाई भर उद्यमनगरात घुमतेय म्हटल्यावर त्यांना हसू फुटलं, आणि मलाही.

"आणि काल मला त्याचा शॉक बसला," मी म्हटलं. त्यांचं हसू तिथंच थांबलं.

"शॉक? हात लावल्या लावल्या?"

"कोपरापर्यंत."

"वैनी, त्यो प्लगात घालू नका आता. अजाबात न्हाई."

"मग येऊन बघा ना."

त्यांनी तारेचा वेढा ओढून घट्ट केला. "त्यानं बोलावल्याबिगर मी उंबरा चढणार न्हाई. तेवढं सोडून बोला."

"आणि ॲम्प्लिफायरच तुमच्या उंबऱ्यात आला तर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दुकानात आलेलं काम मी परत धाडत न्हाई. पर एक हाय. हितनं भाईर पडणाऱ्या वस्तूला मी लाल वार्निशचं सील मारतो. झाकणाच्या फटीवर, अंगठ्यानं. दुसऱ्या कुणी उघडलं की ते तुटतंय. तुटलेल्या मालाला मी हात लावत न्हाई. पावना असू दे न्हाईतर आमदार, समद्यास्नी एकच कायदा."

दुसऱ्या दिवशी हे वाचनालयात गेले. मी पेटी वाकळेत गुंडाळली, रिक्षा बोलावली आणि रिक्षावाल्याच्या मदतीनं ती आत ठेवली. "काकू, देव न्हेताय का काय?" तो म्हणाला. पेटी मी मांडीवर धरली होती, वजनानं पाय बधिर झाले. पण मनात धाकधूक होती ती वेगळीच. इतक्या वर्षांत हे घरात एकटे किती वेळा असतील. कधीतरी चिडून झाकण उघडलं असेल, एखाद्या दिवशी पोवारला गुपचूप बोलावलं असेल. ते सील मी कधी बघितलंही नव्हतं.

दौलतभावजींनी पेटी टेबलावर घेतली. ती फिरवून मागची बाजू पुढे केली, फडक्यानं धूळ पुसली आणि बॅटरी लावून वाकले. मीही वाकले. झाकणाच्या फटीवर लाल वार्निशचा वाळका ठिपका होता आणि त्यात अंगठ्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. कुठं एक तडाही नव्हता.

"कुणीच उघडला न्हाई?" त्यांनी विचारलं.

"पोवार उघडतो म्हणाला होता. ह्यांनी हात लावू दिला नाही."

"बंद कंदी पडलेला का?"

"डावी बाजू बंद आहे ना. झाली असतील चार-पाच वर्षं."

"आणि तसाच ऐकतोय?"

"तसाच."

दौलतभावजी स्टुलावर बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसू लागले आणि पुसतच राहिले. "येडा हाय ओ त्यो," म्हणाले. "त्येला ठावं हाय माझा कायदा. सील तुटलं तर मी हात लावत न्हाई, त्येला चांगलं ठावं हाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि मी त्याला कंजूषपणा म्हणत होते! हा माणूस एवढी वर्षं अर्धं गाणं ऐकत बसला होता. का, तर दौलत आलाच तर त्याला हात लावता यावा म्हणून. मला रडू आलं आणि रागही आला. असल्या गोष्टी बायकोला सांगायला काय होतं?

भावजींनी चाकूनं सील कापलं आणि झाकण काढलं. जळका वास आला. ते आत टोकरत राहिले, मध्येच च् च् करत. शेवटी मान हलवली. "ट्रान्सफॉर्मर जळत आलाय. तेच करंट पत्र्याला येतंय. बाकीचं बी समदं पिकलंय. ह्येची दुरुस्ती म्हंजे समदंच बदलायचं."

एवढ्यात दारात स्कूटर थांबली. शेजारच्या काकूंनी रिक्षावाल्याला सांगितलेला पत्ता ऐकला होता आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही.

हे आत आले, पण दौलतभावजींकडे बघेनात. माझ्याकडे बघून म्हणाले, "घरात चोरी झाली म्हणून मी पोलिसात निघालो होतो."

"बस," दौलतभावजी म्हणाले.

"बसायला आलेलो नाही."

"मग उभा ऱ्हा. उभ्यानं ऐक. ह्यो दुरुस्त होत न्हाई. नवा घे."

ह्यांनी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "तू तसं म्हणालास म्हणून एवढी वर्षं घेतला नाही. आता परत तेच म्हणतोस?"

"तवा रागानं म्हणालो हुतो. आता वैनीस्नी शॉक बसला म्हणून म्हणतोय."

बाहेर कुठल्या तरी कारखान्यात लोखंडावर घण पडत होता. दौलतभावजींनी बोट पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरवर ठेवलं.

"विश्राम, ह्यो घुमतच हुता. पयल्या दिसापासनं. मला ठावं हुतं. भंगारातल्या पत्र्या वापरल्या हुत्या आणि बसवला बी बाकीच्या भागांच्या नको तितक्या जवळ. तुला गाणं ऐकायची घाई, मला दाखवायची घाई."

"मग मला एकट्याला सांगायचं होतंस."

"आणि तू मला एकट्याला म्हणायचं हुतंस."

हे खाली बघत उभे राहिले. मग पुढे झाले आणि समोरच्या दुसऱ्या स्टुलावर बसले. "चुकलं माझं," म्हणाले. लग्न झाल्यापासून हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

"जाऊ दे," भावजी म्हणाले.

"नवा बांध," हे म्हणाले.

"कोन? मी? आरं लेका, डोळं बघ माझं. मोटारीची जाड तार कशीबशी दिसतीया. ह्यातलं बारीक सोल्डर कुठलं दिसायला?"

"मला दिसतं. तू सांग, मी लावतो."

"तू? तुला सायकलची चेन बसवता येत न्हाई."

"मग शिकव."

घरी आल्यावर ह्यांनी उदयला फोन करून सांगितलं, सेट आणू नकोस. दिवाळीला उदय आला तर आमच्या जेवणाच्या टेबलावर तारांचा पसारा, सोल्डरचा धूर आणि त्यात हे दोघं डोक्याला डोकं लावून बसलेले. "आई, हे काय?" त्यानं विचारलं. "फराळ खा आणि गप्प बस," मी म्हटलं. "मधे बोललास तर दोघंही तुझ्यावर घसरतील."

दर रविवारी दौलतभावजी येत. उंबरा चढताना आधी हाक मारत, "विश्राम, बोलवतोस न्हवं?" आणि हे आतून ओरडत, "ये की लेका, पत्रिका छापू का?" ट्रान्सफॉर्मर या वेळी नव्या कोऱ्या पत्र्यांचा झाला. ह्यांनी बोटं भाजून घेतली, तारा उलट्या जोडल्या, शिव्या खाल्ल्या. एकदा तर तीन रविवारांचं काम पुन्हा उपसावं लागलं आणि दोघं इतके भांडले की मला वाटलं, झालं, गेलं सगळं पाण्यात. पुढच्या रविवारी भावजी नेहमीपेक्षा लवकर आले. मी चहा करत होते आणि आतून दोघांचा आरडाओरडा ऐकत होते. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

थंडी सरली तेव्हा काम पुरं झालं. पेटी तीच ठेवली, तिरकी. बटण दाबलं आणि दोघांनी स्पीकरला कान लावले. काहीच आवाज नाही. सुरू आहे की नाही तेही कळेना. मग ह्यांनी रेकॉर्ड लावली. तंबोरा सुरू झाला आणि दोन्ही बाजूंनी खोली भरून गेली. मी पदराला हात पुसत दारातच उभी राहिले. दोघं डोळे मिटून बसले होते.

रेकॉर्ड संपली. त्या दिवशी भांडण झालं नाही.

दौलतभावजी उठले आणि पेटी फिरवून मागचं झाकण लावायला लागले. एक स्क्रू पिळला, दुसरा पिळला.

"अजिबात घुमत नाही रे," हे म्हणाले.

"न्हाई."

"आता बिघडणार पण नाही?"

"आरं, आपण दोघं जाऊ, ह्यो ऱ्हाईल." भावजींनी तिसरा स्क्रू पिळला.

हे रेकॉर्ड पुसत होते. पुसून झालेली रेकॉर्ड पुन्हा पुसायला लागले आणि वर न बघता म्हणाले, "मग आता तू कशाला येशील?"

दौलतभावजींच्या तळहातावर चौथा स्क्रू होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, उरलेल्या भोकाकडे बघितलं आणि स्क्रू शर्टाच्या खिशात टाकला.

"ह्या भोकाचा आटा गेलाय," म्हणाले. "ह्यो स्क्रू बसत न्हाई. दुसरा बघतो दुकानात. फुडच्या रविवारी घेऊन येतो."

आटा गेलेला नव्हता. सकाळी भावजींनी चारही स्क्रू काढले तेव्हा ते घट्ट बसलेले मीच बघितले होते. ह्यांनीही बघितले होते. पण हे म्हणाले, "हां, बघ बाबा. उघडं राहून चालायचं नाही."

पुढच्या रविवारी भावजी आले ते स्क्रू विसरून. त्याच्या पुढच्या रविवारीही विसरले. मग ते दोघं असेपर्यंत, दर रविवारी निघताना, भावजी पायात चपला घालत म्हणायचे, "तेवढा स्क्रू ऱ्हायला बघ." आणि हे म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की आण."

आता दोघंही नाहीत. रविवारी मी एकटीच रेकॉर्ड लावते. गेल्या महिन्यात उदय आला होता. झाडताना त्यानं पेटी फिरवली आणि म्हणाला, "आई, मागे एक स्क्रू कमी आहे. लावून टाकू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "दौलतभावजी आणणार आहेत."